पिंपातला हिरवा जीव

गौरी गेल्या की आमच्या बुरूड आळीत ओल्या बांबूचा वास सुरू होतो. सकाळी ट्रक येऊन उभा राहतो, बांबू धडाधड रस्त्यावर पडतात आणि दुपारपर्यंत प्रत्येक दुकानासमोर कोयते चालू होतात. बांबू चिरला की पहिल्यांदा काकडीसारखा वास येतो. मग कच्च्या कणसासारखा. उन्हात पडून वाळला की कसलाच येत नाही. नवरात्रात घट बसवायला घरोघरी परडी लागते, माती पसरून धान्य पेरायला. पुण्यातल्या बायका बाकी सगळं प्लास्टिकचं घेतील, पण देवीपुढं अजून बांबूच लागतो. पूर्वी मार्केट यार्डातल्या हमालांना आमचे हारे जायचे, भाजी वाहायच्या मोठ्या टोपल्या. क्रेट आले आणि ते संपलं. आता वर्षातले हेच दिवस आमचे. बाकीचं वर्ष आम्ही रस्त्याकडे बघत बसतो.

यंदाही ट्रक आला. मी बांबू निवडले, मोळी आत घेतली, बसलो. हात चालतात. लोकांना वाटतं बायको गेल्यावर माणसाचे हात थांबतात. माझे थांबले नाहीत. परवा अंगठ्याला कोयता लागला. कामटीवर, तासलेल्या बांबूच्या पट्टीवर, रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. दुखलं असेल. मी फडकं बांधलं आणि पुढची कामटी घेतली. शेजारच्या दुकानातला रमेश म्हणाला, “नाना, इंजेक्शन घेऊन या, कोयता गंजका असेल.” मी म्हणालो, “कोयत्यालाच घ्यावं लागेल.” तो हसला. मला हसू आलं नाही. मी ते का बोललो तेही मला माहीत नाही. तोंडही हातांसारखंच चालतं.

सुमन, माझी बायको, मागच्या वर्षी याच मोसमात गेली. परड्यांच्या दिवसांत ती आजारी होती आणि आकाशकंदिलांच्या दिवसांत गेली. आमचं वर्ष असंच मोजलं जातं. लग्नसराईत सुपं, मग तांदूळ धुवायच्या रोवळ्या, गौरींना सुपं पुन्हा, मग परड्या, मग कंदिलांचे सांगाडे. कोणी विचारलं कधी गेली, तर माझ्या तोंडात आधी सांगाडे येतात आणि मग महिना.

आम्हाला एकच मुलगी, अलका. आमच्या घरात कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी चौथी, सुमन तर लोणी काळभोरच्या शाळेत पाटी घेऊन गेली आणि धाकट्या भावाला सांभाळायला परत आली. अलका मात्र शिकतच गेली. दहावी, बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी. आणि त्याच्याही पुढं. आळीतल्या बायका सुमनला विचारायच्या, “अलका काय करते आता?” सुमन म्हणायची, “शिकते.” “अजून?” “अजून.” एक जण म्हणाली होती, “केस पिकले की शाळाच म्हणेल, आता घरी जा बाई.” पुण्यात असंच बोलतात. वाईट वाटून घ्यायचं नसतं.

सुमनला वाईट वाटायचं, पण त्या बोलण्याचं नाही. तिला पुढचं उत्तर देता यायचं नाही, त्याचं. ह्याची मुलगी नर्स आहे, तिची बालवाडीत शिकवते, कोणाची बँकेत बसते. एका शब्दात संपतं. अलका काय करते? पाण्यातले जंतू बघते. “म्हणजे पाणी तपासते? महापालिकेत आहे का?” नाही. “मग औषध शोधते?” नाही. “मग बघून काय करते?” इथं सुमन थांबायची. घरी येऊन मला विचारायची आणि मीही थांबायचो.

त्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. पाय सुजायचे, मग पोट, सकाळी डोळ्यांखाली पिशव्या. पायावर बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी मला आणि अलकाला बाजूला घेऊन सांगितलं. सुमनला सांगितलं नाही, पण ती काय वेडी होती का? गणपती उठले त्या दिवशी ती दारात खाटेवर बसून होती. बाहेर ढोल वाजत होते. ती मला म्हणाली, “अहो, मला एक कळलं पायजे. जायच्या आत. माझी पोरगी काय करती ते मला सांगता आलं पायजे. कुणी इचारलं तर. सरळ. मधीच थांबाया नको.”

बास. दुसरं तिनं काही मागितलं नाही. कुठल्या देवाला जायचंय, कोणाला भेटायचंय, काही नाही. मी म्हणालो, “अलकाला सांगतो.” ढोल इतके जोरात होते की ते मला दोनदा सांगावं लागलं.

अलका रविवारी घरी असायची. तिनं आईला सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडकली. “आई, मी प्रोटीनवर काम करते.”

सुमन म्हणाली, “प्रोटीन? डॉक्टर मला रोज प्रोटीन म्हणतो. डाळ खाऊ नका, प्रोटीन असतं. लघवीतनं जातंय, प्रोटीन हाय. त्येच का?”

“तेच. म्हणजे त्याच जातीचं.”

“मंग एवढी शाळा शिकून तू डाळीवर काम करतीस?”

अलका हसली. मला वाटतं तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे तिच्या परीक्षकांपेक्षा अवघड गिऱ्हाईक आहे.

आमच्या मागच्या अंगणात एक पिंप आहे. कामट्या त्यात भिजत घालतो, वाळलेला बांबू वाकत नाही म्हणून. भाद्रपदात ऊन पडायला लागलं की त्या पाण्याला हिरवी झाक येते. चार दिवस हात लावला नाही तर वर साय धरते, शेवाळासारखी पण चिकट नाही. सुमन ते पिंप दर आठवड्याला घासायची, त्या वर्षी तिला जमत नव्हतं आणि मी घासलं नाही. अलकानं त्या पिंपात बाटली बुडवली. सुमन खाटेवरून ओरडली, “अगं ते घाण पाणी कुठं न्हेतीस? लोकं म्हणतील हिच्या घरात कुणी पिंप घासत न्हाई.” अलका म्हणाली, “आई, ह्याच्यातच तो आहे.” “कोण?” “ज्याच्यावर मी काम करते.”

ती कुठूनतरी एक छोटी दुर्बीण घेऊन आली. म्हणजे सूक्ष्मदर्शक, पण आम्ही दुर्बीणच म्हणालो. शाळेतल्या पोरांची असते तशी. दुपारी अंगणात पाटावर ठेवली, आरसा उन्हाकडे केला, काचेवर पिंपातल्या पाण्याचा थेंब सोडला. सुमनला खाटेवरून उचलून आम्ही खाली बसवली. तिला एक डोळा मिटता येईना. पदरानं झाकला. बराच वेळ बघून म्हणाली, “काळा केस दिसतोय.” ती तिची पापणीच होती. अलकानं तिचं डोकं थोडं मागं धरलं. मग तिला दिसलं. तोंड उघडं राहिलं तिचं.

नंतर मी बघितलं. हिरवे दाणे होते, लांबट, आणि ते पळत होते. काही पळत नव्हते, जागेवरच वळवळत होते. एक असा होता, की पुढून फुगायचा, मग ती फूग पोटात यायची, मग मागं जायची, मग पुन्हा सरळ, सुतळीसारखा. जसं अजगरानं कोंबडी गिळावी तसं. त्याचा एक धागा होता पुढं, चाबकासारखा, तो मला दिसला नाही. अलका म्हणाली असतो, म्हणून लिहितो.

सुमन म्हणाली, “सुजतोय आणि वसरतोय.”

आम्ही दोघांनी तिला उचलून परत खाटेवर निजवली. तिचे पाय उशीवर ठेवले होते. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं.

अलकानं मग सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर माझं. हा जीव म्हणजे एकच पेशी. आपलं अंग विटांचं घर, तर हा म्हणजे एकच वीट. त्याला हाड नाही. तरी त्याला आकार आहे, तो गोळा होऊन बसत नाही, आणि मोडल्याशिवाय आकार बदलतो. कशामुळे? त्याच्या कातडीच्या खाली लांब पट्ट्या असतात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिरक्या, पीळ घातल्यासारख्या. त्या पट्ट्या प्रोटीनच्या. प्रत्येक पट्टीचा काठ शेजारणीच्या काठात अडकलेला. आणि त्या एकमेकींवरून सरकतात. सरकल्या की तो फुगतो, परत सरकल्या की बारीक होतो. त्या प्रोटीनला एक नाव आहे, आर्टिक्युलिन. मला ते अजून अडखळतं. सुमनला पहिल्या दिवशीच पाठ झालं. ती ते असं म्हणायची, जसं कोणाच्या सुनेचं नाव आहे. “आर्टिक्युलिन काय म्हणती मंग आज?” अलका संध्याकाळी आली की सुमन हेच विचारायची.

पुढच्या त्या धाग्याचंही सांगितलं होतं. तो चाबूक म्हणजे नळ्यांची मोळी. नऊ जोड्या गोलाकार आणि मधे दोन. ते मला लगेच समजलं, कारण मोळी कशी बांधतात ते मला माहीत आहे. पण अलकाचं काम मोळीचं नव्हतं, पट्ट्यांचं होतं. पट्ट्या इतक्या सरकतात तर सुटत का नाहीत, त्यांना एकमेकींशी कोण धरून ठेवतं, ते ती शोधत होती. वर्षानुवर्षं.

सुमन म्हणाली, “डोळ्यानं बघून न्हाई कळत. हातात पायजे.” आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं हे तर सोपं आहे. मी जन्मभर पट्ट्याच करत आलोय. अलकानं कागदावर चित्र काढून दिलं, गाजरासारखं, अंगावर तिरक्या रेषा. परड्यांच्या ऑर्डरी पडून होत्या, तरी मी मधेमधे ते घेऊन बसायचो. चांगला हिरवा बांबू निवडला, कामट्या कागदासारख्या तासल्या, उन्हाला धरलं तर पलीकडचं दिसेल अशा. तिरक्या लावल्या, पीळ दिला, दोन्ही टोकं निमुळती केली. हातभर लांब झालं. आळीतले दोघंतिघं बघून गेले. रमेश म्हणाला, “मासे पकडायला जाताय का नाना?” मी म्हणालो, “तुला पकडायला.”

रविवारी अलकानं ते हातात घेतलं. दाबलं. पिळलं. परत दाबलं. “नाना, सुंदर झालंय.”

“मग तोंड का असं?”

“हलत नाही.”

“हलायला कशाला पाहिजे? हलली ती टोपली कसली? गिऱ्हाईक आधी दाबून बघतं, हलली तर खाली ठेवतं.”

“नाना, तुम्ही आडवी वीण घातलीय. त्याच्यात आडवं काही नसतं. नुसत्या उभ्या.”

“आडवीशिवाय उभीला कोण धरणार?”

“शेजारची उभी.”

“आडवीशिवाय उभी म्हणजे खराटा,” मी म्हणालो. सुमन खाटेवर हसायला लागली. हसता हसता तिला दम लागला, मग अलकानं तिची पाठ चोळली. दम गेल्यावरही ती म्हणाली, “खराटा,” आणि पुन्हा थोडं हसली. ते हसणं मला आठवतं. आठवतं म्हणजे तोंड कसं झालं होतं ते आठवतं. आवाज आठवत नाही.

दुसऱ्यांदा केलं. आडवी वीण काढून टाकली. प्रत्येक कामटीच्या एका काठाला खाच घेतली आणि दुसऱ्या काठाला ओठ काढला, म्हणजे एकीचा ओठ दुसरीच्या खाचेत बसेल. अंगठ्याची नखं झिजली. अलका शेजारी बसून होती, ती म्हणत होती, “काठ बांधू नका, नाना. टोकाला गाठ नको.” मी हो म्हणत होतो. आमच्या वडिलांची शिस्त अशी, की काठ बांधल्याशिवाय काम मांडीवरून खाली ठेवायचं नाही. ठेवलं की उसवतं. पोरं त्यासाठी मार खायची. अलका नको म्हणत होती, मी हो म्हणत होतो आणि शेवटी खाली बघितलं तर माझ्या हातांनी दोन्ही काठ घट्ट बांधून टाकले होते. मला कळलंही नाही कधी.

“सोडतो,” मी म्हणालो आणि गाठी कापल्या.

क्षणभर ते राहिलं. अलकानं दोन्ही टोकं धरून हलका पीळ दिला आणि कामट्या एकमेकींवरून सरकल्या. मधे पोट आलं. सुमन उठून बसली. मग एक ओठ खाचेतून निसटला, त्याच्या मागून सगळेच, आणि ते सगळं फरशीवर पसरलं. भाद्रपदाचं ऊन होतं, बांबू वाळत चालला होता, कडाकडा वाजलं.

“आता?” मी म्हणालो.

अलका म्हणाली, “हेच तर मला सापडत नाही, नाना. बांधलं तर हलत नाही आणि सोडलं तर सुटतं. त्याचं दोन्ही कसं चालतं?”

सुमननं खाटेवरून खाली हात लांबवला. तिच्या हाताला जेवढ्या लागल्या तेवढ्या कामट्या तिनं उचलून मांडीवर ठेवल्या. एकीवर एक, नीट. मग म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता. परड्या ऱ्हायल्यात.”

मी परड्यांकडे वळलो. तो विषय तिथंच संपला असं मी धरलं. तिला कळलं नाही, आणि तिनं ते सोडून दिलं, असं.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखे आठवतात. पुढं दुकानात गर्दी असायची, बायका परड्या निवडायच्या, ही वाकडी, ती छोटी. सुमन मागच्या दारात खाटेवर. दुपारी खैरुनबी यायची. खैरुनबी मागच्या बोळातली, तिचा नवरा गाद्या भरायचा, तो वारला आणि आता मुलं तेच करतात. तिचे आजेसासरे आमच्या आजोबांच्या वेळेपासून तिथं. दोघी बोलत बसायच्या. मी पुढं गिऱ्हाइकात असायचो, मला काही ऐकू यायचं नाही. नुसता आवाज यायचा, पाणी तापायला ठेवल्यासारखा. अधूनमधून हसणं. मी एकदा आत जाऊन विचारलं, “एवढं काय चाललंय?” खैरुनबी म्हणाली, “भाऊ, तुमच्या तक्रारी. बसा, ऐका.” मी पुढं निघून आलो.

नवरात्र झालं, दसरा झाला. परड्या संपल्या, सांगाडे सुरू झाले. सुमनचं पाणी छातीत गेलं. दवाखान्यात नेलं. तिथं ती फार बोलली नाही, तोंडावर मास्क होता. एकदा मास्क बाजूला करून मला म्हणाली, “जेवलात का?” मी म्हणालो, “जेवलो.” जेवलो नव्हतो. ती म्हणाली, “खोटं बोलताय,” आणि मास्क परत लावला. त्याच्या पुढं काही नाही.

घरी आणली तेव्हा दारात सांगाड्यांचा ढीग होता. न्यायला माणसं आली, तर वाट काढायला सांगाडे उचलावे लागले. एकानं विचारलं, “नाना, हे कुठं ठेवू?” मी म्हणालो, “उन्हात ठेव, ओले आहेत.” त्या दिवसातलं मला एवढंच स्पष्ट दिसतं. उन्हात ठेव, ओले आहेत. बाकीचं लोकांनी सांगितलं म्हणून माहीत आहे.

दिवसकार्य झाल्यावर अलका माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “नाना, आईला मी साधं सांगू शकले नाही मी काय करते ते. तिनं एवढंच मागितलं होतं.” मी म्हणालो, “नाही सांगू शकलीस. मीही नाही.” मी असाच बोलतो. ती रडली. मी बसून राहिलो. मग ती बंगळुरूला गेली, तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत, त्याच कामाला. आठवड्याला फोन करते. जेवलात का, झोपलात का, गोळी घेतली का. मी हो हो हो म्हणतो. ती आईचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. तिच्या मनात ते एक अडकून बसलंय, फोनवर कळतं. हो म्हणाल्यावर मधे एक जागा मोकळी राहते, तिथं ते असतं.

असं वर्ष गेलं. पिंप तिथंच आहे. मी घासत नाही. भाद्रपदात पाणी हिरवं झालं, मी कामट्या घातल्या, काढल्या. हात हिरवे होतात, धुतले की जातात. ते जीव माझ्या हातांवर असतील, फुगत असतील, बारीक होत असतील. मला काही जाणवत नाही. एवढे छोटे आहेत म्हणून जाणवत नाहीत का मीच असा झालोय, ते मला सांगता येणार नाही. कधी वाटतं माझेही दोन्ही काठ बांधून कोणीतरी मला खाली ठेवलंय. दाबून बघा, हलणार नाही.

परवा खैरुनबी दुकानात आली. गुडघे धरून पायरीवर बसली.

“भाऊ, एक सूप द्या. सुनेनं प्लास्टिकचं आणलंय. गहू पाखडतच नाही ते, नुसता वारा घालतं.”

मी वरून सुपं काढली. ती एकेक वाजवून बघत होती. बघता बघता म्हणाली, “अलकाचं ते सापडलं का?”

“काय सापडलं का?”

“खोचणारा.”

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, “कोण खोचणारा?”

तिनं सूप मांडीवर ठेवलं. “तुम्हाला नाही माहीत? सुमन तर रोज तेच लावायची. आल्या आल्या सुरू. म्हणायची, खैरुन, अलका काय करते सांगू? आपण नेसतो ना साडी, त्याच्या निऱ्या. तसा तो पाण्यातला जीव आहे, सगळ्या अंगाला निऱ्याच निऱ्या.” खैरुनबीही साडीच नेसते. ती बसल्या बसल्या स्वतःच्या निऱ्यांवर हात फिरवून दाखवत होती, तसंच दाखवत होती जसं तिला कोणीतरी दाखवलं असेल. “म्हणायची, बसलं की निऱ्या पसरतात, उठलं की एकीवर एक येतात. मधे गाठ नाही, टाका नाही. तरी सुटत नाहीत. आणि माझं पोट एवढं सुजलं, म्हणायची, तर नवी साडी घ्यावी लागली का? नाही. साडी तेवढीच. निऱ्या कमी पडतात, अंगाभोवती जास्त जातं. सूज उतरली की परत निऱ्या वाढतात. तो जीव असाच फुगतो, म्हणायची. कापड तेवढंच.”

मी उभाच होतो. हातात दुसरं सूप होतं.

“आणि खोचणारा?”

“हां. म्हणायची, आपण निऱ्या कमरेला खोचतो म्हणून राहतात. त्याला तर कंबरच नाही. मग त्याच्या निऱ्या कोण खोचतं? ते अलका शोधतेय. सापडलं की मला सांगेल, मग मी तुला सांगेन. असं म्हणाली होती.” खैरुनबीनं मांडीवरचं सूप उचललं. “अख्ख्या बोळाला सांगितलं तिनं, भाऊ. आमची सून पहिल्यांदा हसली. मग तीपण बसून ऐकायला लागली. तुम्हाला वाटायचं आम्ही तुमच्या तक्रारी करतोय.”

“तूच म्हणालीस तसं.”

“मग काय म्हणणार? तुम्ही आत येऊन बसलात का कधी?”

ती पैसे काढायला लागली, मी नको म्हणालो, ती म्हणाली मग सूपही नको. शेवटी घेतले. ती गुडघे धरून उठली आणि गेली.

मी अलकाला फोन लावला. एरवी मी लावत नाही, तीच लावते. तिनं घाबरून विचारलं, “नाना, काय झालं?”

“काही नाही. एक विचारायचं आहे. तुझ्या त्या पट्ट्या निऱ्यांसारख्या आहेत का?”

“काय?”

मी सगळं सांगितलं. निऱ्या, बसणं, उठणं, गाठ नाही, टाका नाही. सूज आली तरी कापड तेवढंच. कंबर नाही, मग खोचतं कोण. मला जसं ऐकू आलं तसंच सांगितलं, मधे माझं काही घातलं नाही. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“आहेस का?”

“आहे. नाना, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुझ्या आईनं. मला नाही, खैरुनबीला. अख्ख्या बोळाला.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बरोबर आहे का चूक आहे तेवढं सांग,” मी म्हणालो. “मला काय कळतंय.”

“बरोबर आहे.”

“सगळं?”

“कापड तेवढंच राहतं, हे तर मी तिला सांगितलंच नव्हतं, नाना. ते तिनं... हो. बरोबर आहे.”

“आणि खोचणारा? सापडला का?”

“नाही,” ती म्हणाली. “अर्धवट काहीतरी आहे हातात. पण कोणालाच सापडलेला नाही अजून.”

“कोणालाच म्हणजे?”

“जगात कोणालाच.”

म्हणजे सुमन गेली तेव्हा ह्या बाबतीत तिला जेवढं माहीत होतं, तेवढंच जगाला माहीत होतं. जास्त कोणाला नव्हतं. मी हे अलकाला बोलून दाखवलं. ती हसली का रडली ते मला फोनवर ओळखता आलं नाही. मग तिनं विचारलं, “आई आणखी काय म्हणायची? खैरुनमावशीला विचाराल?” मी म्हणालो, “तूच ये आणि विचार.” ती म्हणाली, “येते.” मधली ती मोकळी जागा ह्या वेळी नव्हती. तिनं आईबद्दल बरंच विचारलं आणि मला जेवढं येत होतं तेवढं मी सांगितलं.

फोन ठेवल्यावर मला फार काही वाटलं असं नाही. वाटलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. मी आत गेलो, सकाळचं झाकून ठेवलेलं ताट घेतलं आणि जेवायला बसलो. ताटातलं संपलं तेव्हा लक्षात आलं की अजून भूक आहे. मी उठून पुन्हा भात वाढून घेतला.